काटेवाल्या मामांचा कंपायलर

ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर जन्म गेला म्हणून ते काटेवाले, आणि लग्न केलं नाही म्हणून अख्ख्या गल्लीचे मामा. खरी भाची मात्र एकच, बहिणीची मुलगी. ती दूरच्या शहरात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची, तिच्या हाताखाली माणसं होती, पण मामांच्या लेखी ती अजून चिमीच.

मामा निवृत्त झाले तेव्हा मालकाने केबिनमधला जुना कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. देऊन टाकला म्हणजे काय, भंगारवाला यायच्या आत मामांनीच तो उचलला. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्याचं वजन वजा करून पावती छापणारा प्रोग्रॅम त्यांनी पुस्तकं वाचून स्वतः लिहिला होता. चिमीनेही आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम याच कीबोर्डवर बडवला होता, मामांशी भांडत भांडत. यंदा त्याची डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने दुसरी जुनी डिस्क बसवली आणि वर फुकटचा सल्ला दिला, "काका, सोडा आता याला." झालं! मामा हट्टालाच पेटले.

मशीन कसंबसं सुरू झालं, पण या दुसऱ्या डिस्कवर कंपायलर नव्हता. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देतो तो कंपायलर. तो नसेल तर कॉम्प्युटर नुसता शोभेचा डबा. नव्या मशीनवर तो एक बटण दाबलं की येतो. या म्हाताऱ्या मशीनला इंटरनेट झेपत नव्हतं. मग पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं, फाइल उतरवून आणायची, हाताने बसवायची. बसवली की मशीन कुरकुरणार, आता अमुक फाइल सापडत नाही. अमुक आणली की तमुक.

पहिल्यांदा अडले तेव्हा मामांनी बिचकतच चिमीला फोन लावला. एरवी तिचा फोन वाढदिवसाला यायचा. "बरा आहेस ना मामा? बरं, ठेवते." एवढाच. या खेपेला मात्र ती सरसावून बसली.

"मामा, शेवटची ओळ काय वाचतोस? पहिली वाच! डोकं कुठे ठेवलंयस?"

"डोक्याच्या जागीच आहे. तू सांगितलेली फाइलच या मशीनसाठी फार नवी आहे. जुनी सांग."

"अरे हो की! थांब, थांब, बघते."

त्या दिवसापासून ऑफिसातून घरी चालत जाताना ती रोज फोन करू लागली. दोघं कडाकडा भांडत. ती म्हणे, तू हट्टी आहेस. मामा म्हणत, तू उतावळी आहेस. फोन ठेवला की मामांचे कान गरम झालेले असत आणि जीव सुखावलेला असे. त्यांच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि एक मशीन. दिवसभरात त्यांच्याशी कुणी चार शब्द बोललं तर ते दूधवाला नाहीतर झेरॉक्सवाला. एवढ्या वर्षांत त्यांच्यावर हक्काने ओरडणारं कुणी नव्हतं. चिमी ओरडायची, आणि त्यांना ते फार आवडायचं.

मग एका सकाळी त्यांनी शेवटची फाइल बसवली आणि पडद्यावर ओळी सरसर धावू लागल्या. कुठे अडणं नाही, कुठे कुरकुर नाही. मामांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. हे आज पूर्ण झालं तर संध्याकाळी चिमीशी बोलायचं काय? त्यांनी काम मध्येच थांबवलं. आणि अगदी सुरुवातीला बसवलेली एक फाइल काढून बाजूला ठेवली. काट्याच्या कडेला चाक टेकवून वजन चोरणारे ड्रायव्हर त्यांनी जन्मभर पकडले होते. आता तीच लबाडी ते स्वतः करत होते.

संध्याकाळी त्यांनी मशीनची तक्रार वाचून दाखवली.

"मामा, पण ही फाइल तर आपण मागेच बसवली होती," चिमी म्हणाली. "त्यावरून केवढे भांडलो होतो! आठवत नाही?"

मामांना खरं सांगायला तोंड नव्हतं. "बसवली होती का?" ते कसेबसे म्हणाले.

ती आता ओरडेल म्हणून मामा वाट बघत होते. ती ओरडली नाही. "असू दे हं मामा," ती म्हणाली. "होतं असं या वयात. मी परत सांगते, सावकाश." आणि त्या फाइलचं नाव तिने एकेक अक्षर सुटं करून, मोठ्याने सांगितलं. फाइल मामांच्या समोर, त्याच मशीनमध्ये पडलेली होती. त्यांनी एकेक अक्षर तिच्यामागून म्हटलं.

त्यानंतरही फोन रोज आला, एक दिवस चुकला नाही. "जेवलास? गॅस बंद केलास? गोळी घेतलीस?" आवाज तोच मोठा, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसा. मशीनचा विषय ती काढेना. मामांनी एकदा मुद्दाम वाद उकरून पाहिला, तर "हो मामा, तुझंच बरोबर" म्हणून मोकळी झाली. मामांना रडू आलं.

एका दुपारी त्यांनी बाजूला ठेवलेली फाइल परत जागेवर घातली आणि मशीन चालू दिलं. कंपायलर बसला. वहीत लिहून ठेवलेला आपला पावतीचा प्रोग्रॅम त्यांनी परत टाइप करून त्यातून काढला, एक खोटा ट्रक भरला, रिकामा केला. वजन बिनचूक आलं. या घटनेची किंमत कळणारं जगात एकच माणूस होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. जेवण झालं, गॅस झाला, गोळी झाली. मग ती जरा घुटमळली. "मामा, त्या कॉम्प्युटरपाशी बसतोस का रे अजून? काही जमतंय का?"

मामांनी पडद्याकडे पाहिलं. "चाललं!" म्हटलं असतं तर चिमीला तिचा जुना मामा परत मिळाला असता, एकदा दोघं मनसोक्त ओरडले असते, आणि पुढचा फोन थेट वाढदिवसाला आला असता.

"नाही गं," ते म्हणाले. "काही जमत नाही मला ते आता."

"असू दे हं मामा. उद्या करते फोन."

"कर," मामा म्हणाले.