भिंतीवरचा कागद

लोणावळ्यातील एक टीव्हीचा दुकानदार घर पाहिल्याशिवाय टीव्ही विकत नाही. टीव्हीच्या मापाचा कागद तो भिंतीवर चिकटवतो आणि घरातील प्रत्येकाच्या जागी स्वतः बसून पाहतो. आमच्या वलवणच्या घरासाठी मी पंचावन्न इंचांचा हट्ट धरला होता. माझ्या खुर्चीतून पाहून त्याने मान डोलावली. मग विचारले, "आबा, मावशी कुटं बसत्यात?"

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बोट दाखवले. तो तिथे मांडी घालून बसला.

"हितनं नुस्तं कपाट दिसतंय. त्याच्यावर काय लागतं, मावशी?"

"वीस वर्षं तेच बघतेय," पत्नी म्हणाली.

त्याने कागद उंबऱ्यातूनही दिसेल अशा भिंतीवर नेला. तिथे त्रेचाळीस इंचच मावले. आता तांदूळ निवडताना ती मोठ्याने हसते. मीही माझी खुर्ची उंबऱ्याजवळ नेली आहे.