दुसरी पुडी

माझ्या नाकावर कायम राग असतो. पेणमध्ये आमच्या आळीत कुणालाही विचारा, घराचा पत्ता सांगायच्या आधी हे सांगतील. आईने ते माझ्या लहानपणीच ओळखलं होतं. मी तणतणायला लागले की ती मला घोटभर पाणी तोंडात धरायला लावायची. गिळायचं नाही, थुंकायचं नाही, मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना पूर्ण होईपर्यंत गप्प बसायचं. रविवारच्या शाळेत ती प्रार्थना सगळ्यांच्या आधी मला पाठ झाली, त्याचं खरं कारण हे. चर्चच्या पाळकांनी मात्र माझ्या भक्तीचं कौतुक केलं होतं.

आता पन्नाशी उलटली तरी पाण्याचा तांब्या हाताशी लागतोच. घराच्या मागच्या पडवीत आम्ही पोह्याचे पापड करतो. थंडी सरली की काम सुरू होतं, ते पाऊस येईपर्यंत. सात बाया येतात, बहुतेक खाडीकडच्या गावांतल्या. त्या सगळ्या हिंदू, मी एकटी ख्रिस्ती. त्यांच्या संकष्टीला मी साबुदाणा भिजवते, माझ्या नाताळच्या करंज्या भरायला त्या येतात, आणि कोणाच्या करंजीचं तोंड सुटलं यावरून आम्ही भांडतो.

त्या सातजणींत एक पीठ मळणारी होती. मिठागरावर राबणाऱ्या घरातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, बोलायला कमी. लाटणाऱ्या बाया पुष्कळ मिळतात, मळणारी मिळत नाही. तिने मळलेल्या पिठाचा पापड कधी फाटला नाही. फक्त पापडखार घालायचं काम मी कुणाला देत नसे. वाण्याकडून खाराच्या कागदी पुड्या येतात. एका वेळच्या पिठाला एक पुडी, उकळत्या पाण्यात. कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर तळल्यावर लाल पडतो आणि कडू लागतो.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात रोह्याच्या चर्चमधल्या बहिणींच्या सभेत मला बोलायला बोलावलं. विषय नम्रता आणि इंद्रियदमन. नवरा धाटावच्या कंपनीत आहे. पहिल्या शिफ्टला निघताना बूट घालता घालता म्हणाला, “तुला? नम्रतेवर? रोह्याच्या बायकांनी असं काय पाप केलंय?” मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. माझ्या मते ते इंद्रियदमनच होतं.

तरी विषय डोक्यात घोळत होता. उठता-बसता मुद्दे सुचायचे, आणि सुचला की हाताला लागेल त्या कागदावर मी लिहून ठेवायचे. सभेच्या दोन दिवस आधी सकाळी मी चुलीवर पाणी ठेवलं, खार घातला, पीठ मळणारीच्या हवाली केलं. बाया लाटायला बसल्या. दुपारी वाळलेल्यातला एक पापड तळून पाहिला, तर लालभडक. तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला. सगळं पीठ वाया गेलं होतं.

मी डबा उघडून पाहिला. दोन पुड्या कमी. केराच्या पाटीत रिकामी पुडी एकच. मला कोडं सुटल्यासारखं वाटलं.

“तू परत खार घातलास,” मी पीठ मळणारीला म्हणाले.

“मी हात नाय लावला, ताई.”

“मग दुसरी पुडी गेली कुठे? घातलीस आणि कागद लपवलास. चूक कर, पण खोटं नको बोलू.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. तांब्या माझ्या उजव्या हाताशी होता. मला तो दिसला नाही असंही नाही. त्या क्षणी मला पाणी नको होतं, माझंच खरं करायचं होतं.

ती उठली. सहा बायांच्या देखत तिने पदर सोडला आणि झाडला. मग कमरेची चंची काढून उलटी केली. सुपारीचं एक खांड तेवढं जमिनीवर पडलं. “बघा,” ती म्हणाली, “हाय का पुडी?” तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि गेली. सुपारी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला वाईट वाटलं नाही, उलट चोर सापडल्याचं समाधान वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण ते तसंच होतं.

सभेला मी एसटीने रोह्याला गेले. तिथल्या चर्चमधल्या एका भावाच्या घरची वरची खोली, सतरंजीवर पंचवीस-तीस बायका, समोर टेबल आणि टेबलावर माझी वही. पहिले दोन मुद्दे छान झाले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते मी वाकून करूनही दाखवलं. तिसऱ्या मुद्द्यासाठी मी पान उलटलं, तर पानात एक कागद घडी करून ठेवलेला. उघडला तसे पांढरे कण बोटांना लागले. आत माझंच अक्षर होतं: ‘जिभेला लगाम. उदाहरण द्यावे.’

ती दुसरी पुडी होती.

सगळं एका दमात आठवलं. मी पुडी पाण्यात रिकामी केली, तेवढ्यात मुद्दा सुचला, त्याच कागदावर लिहिला आणि वहीत ठेवून आले. चुलीपाशी परतले तर रिकामा कागद कुठे दिसेना. वाटलं, खार घालायचाच राहिला. मग दुसरी फोडली. तिने खरंच हात लावला नव्हता.

मी मान खाली घालून तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. बायकांना वाटलं, मी प्रार्थना करतेय. मग मी सगळं सांगितलं, पदरासकट. सांगताना रडले, आणि ते रडू खोटं नव्हतं. दोघी-तिघी माझ्याबरोबर रडल्या. अशी साक्ष कित्येक दिवसांत ऐकली नाही, असं एक वृद्ध बहीण म्हणाली. निघताना सगळ्यांनी हात हातात घेतले. किती नम्र, असंही मागे कुणीतरी बोललं, ते मी बरोबर ऐकलं.

परतीच्या एसटीत मला फार हलकं वाटत होतं. नागोठण्याच्या आसपास माझ्या ध्यानात आलं की ही गोष्ट पुढच्या सभेत आणखी चांगली कशी सांगायची, याची मी मनात तयारी करतेय.

रात्री जेवताना नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “रोह्याला सांगितलंस. बरं केलंस. तिला कधी सांगणार?”

मी पाण्याचा पेला उचलला आणि घोट तोंडात धरला. पहिल्यांदाच तो रागासाठी नव्हता.

सकाळी विक्रम रिक्षा पकडून तिच्या गावी गेले. ती अंगणात सुकट पसरत होती. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि पुन्हा सुकटीशी जाऊन बसली. मी पुडी दाखवली. चूक माझी होती, मला माफ कर, म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून पुढे म्हणाले, “पण तू पण जरा ठासून सांगितलं असतंस तर...”

तिने मान वर केली. “पदर झाडला. अजून कसं ठासून सांगायचं?”

मी पुडीची घडी घातली.

“तुमच्याकडनं निघाले, परवा दुसऱ्या पापडवालीकडं गेले,” ती म्हणाली. “ती बोलली, तुझा हात खारट हाय, नको. तवर गावभर झालं होतं. तीस वर्सं पीठ मळतंय मी. दुसरं काय हाय माझ्याकडं?”

“मी माफी मागायलाच आलेय गो.”

“इथं मागून काय? इथं माझ्या कोंबड्या तेवढ्या ऐकतायत. तुमी मला सहा बायांत बोललात. तिथंच सांगा.”

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला तिचा राग आला. रोह्याला बोलणं सोपं होतं. तिथे मला रोज कुणी विचारणार नव्हतं की आज खार नीट घातला का. पेणच्या पडवीत मी मालकीण होते. तिथे एकदा तोंड खाली घातलं की या सहाजणी मला पुढे जुमानतील का, ही भीती होती. ‘उद्या ये’ एवढं बोलून मी निघाले. रिक्षात मी प्रार्थना केली, आणि खरं सांगते, ती अशी होती की उद्या ती येऊ नये.

ती आली. पण आत येईना, पडवीच्या दारात उभी राहिली. बाया लाटणी हातात धरून थांबल्या. मी उठले. रोह्याला सुचलेलं एकही वाक्य तोंडात येईना.

“खार मी दोनदा घातला,” मी म्हणाले. “ही दुसरी पुडी. माझ्या वहीत होती. हिने काही केलं नव्हतं. खोटी मी होते.”

पुडी मी जवळच्या बाईकडे दिली. ती एकीकडून दुसरीकडे फिरली. माझं अक्षर एकीने मोठ्याने वाचलं, आणि कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. तांब्याकडे हात गेला होता, तो मी मागे घेतला. तोंडात पाणी असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

“तुला मी सगळ्यांत पदर झाडायला लावला,” मी म्हणाले, आणि माझा पदर खांद्यावरून काढला.

ती दारातून झपकन आत आली आणि माझा हात धरला. “ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “झालं.” आणि माझा पदर तिनेच परत खांद्यावर टाकला. तिच्या बोटांना सुकटीचा वास होता. माझ्या सगळ्या मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता. मी तिच्यापुढे वाकायला निघाले होते, आणि उभं तिनेच मला केलं.

मग तिने परातीपाशी बसत विचारलं, “पाणी उकळलं का?”

“उकळलं. आजपासून खार तूच घाल,” मी म्हणाले. त्या दुसऱ्या पापडवालीकडे मी त्याच संध्याकाळी गेले आणि तिलाही सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यात काहीच गोड उरलं नव्हतं.

खार घालायला मात्र पीठ मळणारीने नकार दिला. “तुमचं काम तुमी करा,” म्हणाली. “मी बघते.”

याला आता चार वर्षं झाली. बाया मला पूर्वीइतकंच जुमानतात, म्हणजे फारसं नाही. राग अजून येतो, तांब्या अजून लागतो. रोज सकाळी पाणी उकळलं की मी पुडी रिकामी करते. ती परातीपाशी बसल्या बसल्या मोठ्याने म्हणते, “एक,” आणि हात पुढे करते. मी रिकामा कागद तिच्या हातात देते.