दोन भाऊ, दोन सह्या

लोणावळ्याच्या एका छोट्या मोटार कंपनीचे हिशेब दिगंबरपंत लिहीत. कंपनी दोघा भावांची. बहिणीच्या लग्नात मानपानावरून भावांनी अबोला धरला आणि त्या वर्षीचा ताळेबंद दोघांच्या सह्यांसाठी अडला.

पंत तुंगार्लीला थोरल्या अंबाजीरावांकडे गेले. ते म्हणाले, "आदी धाकट्याची सही आना."

वडगावला धाकटे भिमाजीराव म्हणाले, "थोरल्याच्या आदी मी कशी करू? मान त्यांचा हाय."

"मग तसं त्यांना सांगा ना!" पंत काकुळतीला आले.

"मी न्हाई बोलनार."

पंतांनी खेटे घातले, हात जोडले. मुदत टळली, नोटिसा आल्या, अखेर सरकारनं नोंदवहीतून कंपनीचं नावच काढून टाकलं. मग दोघा भावांनी पंतांना वेगवेगळं बोलावून विचारलं, "पंत, तुमी असताना असं कसं झालं?"