मगदूमचा पडताळा

मगदूम गेल्याचा निरोप कॉलेजच्या शिपायानं आणला, तेव्हा मी त्याला उलट प्रश्न विचारून भंडावलं. कुणी सांगितलं, कुठून कळलं, कोण मगदूम? ही खोड मला मगदूमनंच लावलेली. ती त्याच्याच बातमीवर चालवावी लागली...

सांगलीत आम्ही दोघं एकाच कॉलेजात गणित शिकवायचो. कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. मोठी मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, सोडवायची तर मशीनला आकडे पुरवणाऱ्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन मगदूम एसटीनं पुण्याला जायचा आणि तिथल्या मशीनचे छापील आकडे घेऊन रात्री परतायचा. जैनाचं घर, दिवस मावळल्यावर जेवण नाही, त्यामुळे त्या दिवशी उपाशीच झोपायचा. ते आकडे आम्ही डोळे मिटून घेतले असते. मगदूम घेत नसे. मशीननं मॅट्रिक्स उलटी करून दिली की हा तिला मूळ मॅट्रिक्सनं हातानं गुणायचा. तिरप्या ओळीत एक आणि बाकी सगळीकडे शून्य आलं तरच उत्तर खरं.

"छापून आलं म्हणून खरं का रं?" तो म्हणायचा. "छापून तर लग्नपत्रिका बी येत्यात."

एका पाण्याच्या टाकीच्या हिशेबात मशीनचं उत्तर अगदी सुबक होतं, पण गुणाकार जमेना. मॅट्रिक्समधल्या दोन ओळी जवळजवळ सारख्या होत्या आणि त्यांतला बारीक फरक मशीननं गिळला होता. बांधकामवाले चिडले, हा ढिम्म. दूधवाला, वर्गातलं घड्याळ, मी... कुणीच त्याच्या संशयातून सुटलं नाही, आणि मला त्याचा कधीकधी खरोखर राग यायचा. पडताळा जमला की तो कागद सगळ्यांना दाखवत फिरायचा. फसला की कागद पालथा घालायचा आणि चहा मागवायचा. मग कितीही विचारा, तोंड उघडत नसे.

दिवाळीनंतर त्याच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी पित्त म्हणून सांगितलं आणि मगदूमनं ते मुकाट मानलं. मला तिथंच खटकलं. पुढच्या आठवड्यात तो पुण्याला जातो म्हणून रजेवर गेला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय म्हणालं मशीन? त्यानं चहा मागवला. मला वाटलं, मॅट्रिक्स फसली.

परवा त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो डबा फळीवर दिसला. मी त्याच्या बायकोपाशी, सुमनवहिनींपाशी, त्या पुण्याच्या फेरीचा विषय काढला.

"ते पुण्याला गेलंच न्हाईत भावजी," त्या म्हणाल्या. "डबा हितंच हुता. आन दिवस मावळायच्या आत हे जेवायला घरी. तवाच वळखलं मी, छाती दाखवायला मिरजंच्या डाक्टराकडं जाऊन आलं."

मग तुम्ही त्याला विचारलं का नाही, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्यांचं दुखणं मला ठावं न्हाई असं त्यास्नी वाटत हुतं. तेवढं वाटू दिलं."

आयुष्यभर सगळं तपासणाऱ्या माझ्या मित्रानं एवढी एकच गोष्ट तपासली नव्हती. वहिनींनी डबा खाली काढला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं ठेवला. तुम्ही कशा आहात, मी विचारलं. त्या चहा टाकायला उठल्या.