किटली उकळली, दिवा लुकलुकला नाही

वीज कंपनीच्या तपासणी खात्यात त्यांना सगळे सीलराव म्हणत. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. सव्वीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली, दाराआड, कोळ्यांच्या जाळ्यांत डोकं घालून त्यांनी मीटरं पाहिली होती. चुंबक चिकटवलेली, आतून तार बांधलेली, आणि एकदा तर मुंग्यांनी संसार थाटलेली. तपासणी संपली की तार ओवायची, पक्कडीने शिशाचं बोंड दाबून सील करायचं आणि मग ते दोनदा ओढून पाहायचं. एकदा स्वतःसाठी, एकदा साहेबासाठी, असं ते म्हणत. ही दोनदा ओढायची सवय हळूहळू घरीही आली. दाराची कडी दोनदा, बॅगेची चेन दोनदा, लेकीच्या बुटाची नाडी दोनदा.

त्यांची बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. मोडलेलं हाड सगळ्यांच्या आधी तिला दिसायचं, पण ते सांगायचं डॉक्टरांनी, असा तिथला नियम. ‘काय दिसतंय हो?’ असं पेशंटने कितीही काकुळतीने विचारलं तरी ती एवढंच म्हणायची, ‘हलू नका.’ घरातही ती पाहायची पुष्कळ आणि बोलायची बेताचं.

लेक अकरा वर्षांची. वर्गातल्या निम्म्या मुली हिवाळ्यात बर्फावर स्की करायला जाऊन यायच्या आणि मग महिनाभर शाळेत उतारांची नावं घेत हिंडायच्या. तीन हिवाळे सीलरावांनी ‘पुढच्या वर्षी’ म्हणून काढले. चौथ्या हिवाळ्यात लेकीने विचारणंच बंद केलं.

मग त्यांनी ही सहल मीटर उघडावं तशी उघडली. पैसा गळतो कुठून, ते शोधलं. हंगामाचा शेवटचा आठवडा धरला. डोंगरावर न राहता दोन थांबे खालच्या गावात राहायचं ठरवलं, तिथून वर जाणारी बस फुकट होती. स्की फक्त लेकीसाठी, तेही गावातल्या दुकानातून भाड्याने. वरच्या दुकानात त्याच स्कीला दुप्पट भाडं होतं. कपडे शेजारच्या मुलाचे, पायाशी दोन घड्या घालून. जेवण स्वतः शिजवून, डब्यात. शेवटच्या दिवसासाठी एक वचन मात्र दिलं होतं. बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात आठवडाभराचे पैसे ठेवले होते, आणि त्यात जे उरेल त्यातून लेकीला वरच्या लिफ्टचं तिकीट. पार शिखरापर्यंत. तोवर खालचा, लहान पोरांचा फुकट उतार.

घर एका जाहिरातीत सापडलं. आसपासच्या घरांच्या निम्म्या भाड्यात. तिथेच शंकेची पाल चुकचुकली. सीलरावांनी फोन लावला.

‘छप्पर आहे ना?’

‘आहे,’ घरमालकीण म्हणाली.

‘पाणी?’

‘गरम आणि गार, दोन्ही.’

‘मग कमी काय आहे?’

‘भाऊ, तुम्हाला घर हवंय की भांडण? वीज तेवढी वेगळी. मीटरप्रमाणे.’

फोन ठेवताना सीलराव बायकोकडे बघून हसले. ‘सापडलं. पाणी मीटरमध्ये मुरतंय.’

घरमालकीण साठीची, काटक, गळ्यात चष्मा आणि चाव्या एकाच दोरीत बांधलेल्या. ती वरच्या मजल्यावर एकटी राहायची. तळमजल्याच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर पाहुण्यांना. फ्रिजवर तिच्या हातचा कागद होता. दिवसा हीटर बंद. बूट हीटरवर वाळवू नयेत. बाहेरून आणलेली विजेची शेगडी चालणार नाही. तिसऱ्या नियमाखाली दोन रेघा होत्या, आणि पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता.

मीटर बोळातल्या कपाटात होतं. पाहुण्यांचं वेगळं मीटर, तिने स्वतः बसवून घेतलेलं. सीलरावांनी बॅगाही न सोडता आधी कपाट उघडलं. मीटरला सील नव्हतं.

‘अहो, मोजे तरी बदला,’ बायको म्हणाली.

‘सील नाहीये.’

‘आपण सुट्टीवर आलोय.’

‘मीटर सुट्टीवर नसतं.’

संध्याकाळी सातला घरमालकीण टॉर्च घेऊन खाली आली. मीटर पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं. सीलराव जवळ सरकले तसा तिने आकड्यावर तळवा ठेवला. मग ती दाराशी वाकली आणि लेकीच्या बुटात हात घालून पाहिला. उठली, खोलीतून एक नजर फिरवली, पलंगाखालीसुद्धा.

‘काकू, काही हरवलंय का?’ सीलरावांनी विचारलं.

‘नाही हो. पाहत होते, सगळं ठीक आहे ना.’

‘ठीक नसायला काय झालं?’

‘तेच पाहत होते,’ ती म्हणाली आणि निघून गेली.

रोज सात वाजता हेच. टॉर्च, वही, तळवा, बूट. रोज सीलराव तिच्याकडे बघायचे आणि ती सीलरावांकडे, आणि दोघंही हवेबद्दल बोलायची. तिसऱ्या दिवशी ते बोळात मीटरकडे पाहत उभे असताना वरच्या जिन्यात फळी करकरली. ती तिथून त्यांच्यावर पाळत ठेवून होती.

‘माणूस चोर असला की त्याला सगळे चोर दिसतात,’ सीलराव बायकोला हळूच म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा अंडी सोलायला लागली.

उतारावर लेक मात्र फुलत होती. शिकवणी लावायला पैसे नव्हते, म्हणून ती दुसऱ्या मुलांच्या रांगेपासून चार हातांवर उभी राहायची आणि त्यांच्या सरांचं ऐकून तसंच करायची. गुडघे वाकव, टाचा बाहेर, हात पुढे. सीलरावांना ते आधी टोचलं. मग म्हणाले, ‘ऐकण्याला अजून मीटर बसलेलं नाही.’ दुसऱ्या दिवशी ते सरच ओरडले, ‘ए घड्यांच्या पँटवाली, हात पुढे म्हटलं ना!’ तेव्हापासून ती पडायची कमी झाली. घसरत येऊन थांबली की आधी वर पाहायची. शिखराकडे लिफ्टचे पाळणे एकामागोमाग जात असायचे, तिकडे.

पाचव्या दिवशी सकाळी सीलरावांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. घरमालकीण दूध आणायला गेलेली पाहून त्यांनी फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि लेकीला मीटरसमोर उभं केलं.

‘हा लाल दिवा हजार वेळा लुकलुकला की एक युनिट. या किटलीच्या बुडावर लिहिलंय, दोन हजार वॅट. तीन मिनिटं चालवली की बरोबर शंभर वेळा लुकलुकायला हवा. शंभरावर गेला की समज, काकू आपल्याला लुटतायत. मोठ्याने मोज.’

त्यांनी घड्याळ पाहून किटली लावली. किटली गुरगुरली. बोळातून आवाज नाही.

‘मोजतेयस ना?’

‘बाबा, सुरूच होत नाहीये.’

ते धावत गेले. लाल दिवा मख्खासारखा बसून होता. स्वयंपाकघरात पाणी उकळून झाकण थडथडत होतं, आणि इथे एकदाही लुकलुक नाही. त्यांनी बोळातला दिवा लावला, लाल दिवा लुकलुकला. खोलीतला हीटर लावला, भराभर लुकलुकला. पुन्हा किटली. गप्प. शेगडी लावली, पाणी तापवायची टाकी लावली. गप्प.

सीलराव बोळातच जमिनीवर बसले. स्वयंपाकघराची तार मीटरच्या मागून परस्पर निघालेली होती. ज्याने कोणी हे मीटर बसवलं, तो ती जोडायची विसरला होता. पाच दिवसांचा चहा, भात, अंडी, आंघोळी, यातलं काहीच मोजलं गेलं नव्हतं. ते सगळं वर, काकूंच्या मोठ्या मीटरवर, काकूंच्या बिलात.

‘म्हणजे आपण फुकट?’ लेक कुजबुजली. तिचे डोळे मोठे झाले. ‘म्हणजे वरच्या लिफ्टचं नक्की?’

 सीलरावांना आता बुटात घातलेला तो हात कळत होता. दर महिन्याला बिल फुगतंय, आणि पाहुण्यांचं मीटर सांगतंय की पाहुण्यांनी फारसं काही जाळलंच नाही. एकट्या बाईला एवढी वीज कशाला लागेल? मग एकच उरतं. पाहुणे लपवून शेगड्या आणतात, त्यांवर बूट वाळवतात. पाहुणे चोर.

‘तुला काय वाटतं?’ त्यांनी बायकोला विचारलं.

‘मला काय दिसतं ते विचारा. वाटायचं तुमचं तुम्ही बघा.’

‘बरं, काय दिसतं?’

‘तुम्ही आत्ताच कोटाची बटणं लावलीत. तपासणीला निघताना लावता तशी.’

खरंच लावली होती. दूध घेऊन घरमालकीण दारात येताच सीलराव पुढे झाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकलं. दुधाची बाटली छातीशी धरून ती म्हणाली, ‘माझं कपाट का उघडलंत?’

‘काकू, मी मीटरचंच काम करतो.’ त्यांनी ओळखपत्र पुढे केलं. तिथेच चुकलं.

‘धाड!’ ती दोन पावलं मागे सरकली. ‘सुट्टीचं सोंग करून, बायकापोरं पुढे घालून धाड! कोणी कळवलं? खालच्या दुकानवाल्याने?’

‘अहो, कोणी नाही. आमचं गावही वेगळं, कंपनीही वेगळी.’

‘असं सगळेच म्हणतात.’

‘सगळे म्हणजे कोण? कितीदा पडलीय धाड?’

आयुष्यात पहिल्यांदाच सीलराव दाराच्या चुकीच्या बाजूला उभे होते. शेवटी लेकच म्हणाली, ‘आजी, तुम्हीच मोजा ना. मी किटली लावते.’

घरमालकिणीने चष्मा चढवला. आधी किटली उलटी करून पाहिली. मग सीलरावांना बोळाबाहेर उभं केलं, हात दिसतील असे ठेवायला लावले, आणि मीटरसमोर जाऊन उभी राहिली. पाणी उकळलं. दिवा हलला नाही. ‘पुन्हा,’ ती म्हणाली. पुन्हा उकळलं. तिसऱ्यांदा तिने ‘पुन्हा’ म्हटलं नाही. ती बूट घालायच्या बाकावर टेकली.

‘तीन हिवाळे,’ ती म्हणाली. ‘एक जोडपं यायचं दर वर्षी. लग्न झाल्यावर पहिल्यांदा इथंच आलेलं. गेल्या साली मी त्यांना बॅगा उघडायला लावल्या. शेगडी शोधायला.’

‘सापडली?’ लेकीने विचारलं.

‘बाळाचे कपडे होते.’

 किटलीतलं पाणी बायकोने चहाला वापरलं.

चहा संपेस्तोवर घरमालकीण सावरली. ‘मग तुमच्या स्वयंपाकघराचं काय करायचं?’ तिने विचारलं. सीलरावांनी स्वतःच हिशेब मांडला. शेगडी किती वेळ, टाकी किती वेळ, किटली किती वेळा. ते सगळं त्यांच्या लक्षात होतं, आणि लक्षात होतं याचंच त्यांना त्या क्षणी वाईट वाटलं. उरलेल्या दोन दिवसांचंही त्यात धरलं. घरमालकिणीने एक पैसा सोडला नाही. नोटा एकेक करून उजेडाकडे धरून पाहिल्या. ते मात्र सीलरावांना आवडलं.

‘तार तुम्हीच जोडून द्या की,’ ती म्हणाली.

‘छे! परवानावाला बोलवा. आणि त्याने सील केलं की दोनदा ओढून बघा.’

त्या संध्याकाळी सातला ती खाली आली, मीटर पाहिलं, आणि दाराशी वाकली. सीलरावांच्या कपाळाला आठी पडली. पण तिने बूट उचलले आणि हीटरजवळ नेऊन ठेवले. ‘वाळू देत,’ ती म्हणाली. ‘हीटर तरी मीटरवर आहे.’

डब्यात जे उरलं त्यात वरच्या लिफ्टचं तिकीट बसत नव्हतं. लेकीने डबा पाहिला, झाकण लावलं आणि म्हणाली, ‘खालचा उतारही छान आहे.’ ते इतकं समजूतदारपणे म्हणाली की सीलरावांना ती रडली असती तर बरं, असं झालं.

‘दोननंतर अर्धं तिकीट असतं,’ बायको म्हणाली.

‘कुठे लिहिलंय?’

‘खिडकीशेजारी. पहिल्या दिवसापासून.’

‘मग सांगितलं नाहीस?’

‘तुम्ही विचारलंत कुठे?’

शेवटच्या दिवशी दोन वाजता सीलराव खिडकीशी उभे राहिले. तिकीट उलटसुलट केलं, मागची बारीक अक्षरं वाचली. ‘यात काही अट आहे का? नंतर काही वरचे पैसे?’

‘चारला लिफ्ट बंद होते,’ खिडकीतला माणूस म्हणाला. ‘हीच अट.’

‘तुम्ही दोघं नाही येणार?’ लेकीने विचारलं. ‘पायी माणसांनाही नेतात. मी पाहिलंय.’

‘आम्हाला इथून सगळं दिसतं,’ सीलराव म्हणाले.

पाळणा तिला घेऊन उचलला गेला. घड्यांची पँट, त्याखाली लोंबणाऱ्या दोन स्की, मग एक ठिपका, मग तोही नाही. आभाळात औषधालाही ढग नव्हता. शिखर घासलेल्या भांड्यासारखं लखलखत होतं, आणि त्याच्याकडे पाहून डोळ्यांना पाणी येत होतं. दोघं मध्ये थर्मास ठेवून बसून राहिली. सीलरावांनी घड्याळ पाहिलं नाही, म्हणजे फार वेळा पाहिलं नाही.

चारच्या आत निळ्या पाट्यांच्या सोप्या वाटेने लेक घसरत आली. हात पुढे, टाचा बाहेर. न पडता थांबली.

‘कसं होतं वर?’

तिने हेल्मेट काढलं. क्षणभर तिने दोघांकडे पाहिलं, मग थर्मासकडे.

‘काही विशेष नाही,’ ती म्हणाली. ‘नुसतं धुकं होतं. काही दिसलंच नाही.’

सीलरावांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांची नजर. गाल उन्हाने लाल झाले होते, डोळ्यांभोवती चष्म्याची दोन पांढरी कडी उमटली होती, आणि त्या कड्यांच्या आत काहीतरी अजून खाली उतरलेलं नव्हतं. धुक्यात ऊन लागत नाही. त्यांनी तोंड उघडलं.

बायको त्यांच्याकडे पाहत होती. दवाखान्यात ‘हलू नका’ म्हणून यंत्राचं बटण दाबायच्या आधी पाहायची तशी.

सीलराव गुडघ्यावर बसले आणि लेकीच्या बुटाची कडी ओढून पाहिली. एकदाच.