लेबलं चमकतात, आम्ही गोंधळतो

आमच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये तापमानाला रकाना आहे, वेळेला आहे, सहीला आहे. गोंधळाला नाही! त्यामुळे आमचे गोंधळ कुठे लिहिले जात नाहीत, डबा खाताना नुसते सांगितले जातात, आणि वाढत जातात.

खालापूरजवळची आमची लॅब छोटीशी. रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींना चमकणारी लेबलं चिकटवायची आणि एकेक पेशी लेसरसमोरून सोडून मशीनवर मोजायची, हे काम. लेबलं म्हणजे रंग जोडलेल्या अँटिबॉडी.

माझा पहिलाच दिवस. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "अँटिबॉडी घातलीस ना? आता अर्धा तास अंधारात."

मी नळी घेऊन स्टोअररूममध्ये गेले, दिवा बंद केला आणि बसले. डास फोडून काढत होते. पण विज्ञान म्हटल्यावर सोसायचं!

शेवटी मॅडमनी दार उघडलं. "अगं, नळी अंधारात ठेवायची. तू कशाला?"

* * *

दहिवलीला घरी आईने विचारलं, "दिवसभर करतीस काय गं?"

"सीडी फोर, सीडी एट मोजते." ही पेशींच्या जातींची नावं.

आई काळजीत पडली. "सीडी आता कोन बघतं? दुसरी नोकरी शोध गं!"

* * *

नझीरभाई टेंपोतून आमचे थंड खोके आणतात. एकदा त्यांनी खोक्यावरचं वाचलं, 'माऊस अँटी ह्यूमन.'

"ताई, उंदीर माणसांच्या विरोधात गेले काय?"

मी समजावलं, की ही उंदराच्या पेशींपासून बनवलेली अँटिबॉडी, माणसाच्या पेशीला चिकटते.

त्यांनी खोका अलगद खाली ठेवला. "चिकटते? थांबा, हात धुऊन येतो!"

* * *

मशीनच्या पडद्यावर हव्या त्या पेशींभोवती चौकट काढतात, तिला 'गेट' म्हणतात. मॅडम फोनवर कुणाला तरी ओरडत होत्या, "गेट लहान पडतंय! अर्ध्या पेशी बाहेरच राहतायत! मोठं करा!"

हे आमच्या वॉचमन पांडूमामांनी ऐकलं. दुपारी कशेळ्याहून त्यांचा वेल्डर मेव्हणा टेप घेऊन हजर! मामा आत आले, अगदी गंभीर.

"मॅडम, ह्या पेशी रुंदीला किती फूट असत्यात?"

* * *

आता हा शेवटचा. घडला तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं.

ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. त्या दिवशी माझं घेतलं. सीडी फोर शून्य! शरीराची लढाई ज्यांच्या जोरावर चालते, त्याच पेशी नाहीत? मॅडमनी पुन्हा लावलं. पुन्हा शून्य. त्या माझ्याकडे बघेनात. मी हातमोजे काढून ठेवले. बाहेर जाऊन आईला फोन केला.

"आई, माझ्या रक्तात काहीतरी नाहीच आहे गं."

आई रडायलाच लागली. मीही.

आत आले तर मॅडमनी स्वतःचं रक्त लावलेलं. शून्य! पांडूमामांचं लावलं. तेही शून्य! मॅडमनी मला घट्ट मिठी मारली. "अँटिबॉडीची बाटली खराब आहे गं, तू नाहीस!"

नवी बाटली उघडली, आणि माझ्या पेशी पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी भरून आल्या. मी धावत जाऊन फोन लावला.

"आई, घाबरू नको! मॅडमचंसुद्धा शून्य आलं!"

पलीकडे नाक पुसल्याचा आवाज आला.

"मॅडमचंपन शून्य? मग चांगलंच असंल गं. केवढी शिकलेली बाई हाय ती!"