सांगाडा तुह्या बापाचा

रॉकेलचा वास आला की मला काकांचं मौदा गावातलं अंगण आठवतं. बाबा गेल्यावर त्यांची जुनी मोटरसायकल भंगारात दिली, असं काकांनी आम्हाला सांगितलं होतं, पण मला संशय होता म्हणून एका दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर तीच गाडी लाल रंग मारून, दुसरी नंबरप्लेट लावून फाटकाजवळ उभी दिसली. मी सोबत आणलेलं बाबांचं आरसी बुक खिशातून काढलं आणि रॉकेल, पॉलिश पेपर घेऊन हँडलखालचा रंग घासायला बसलो. "काहून खरवडून राहिला बे? गाडी माही आहे," काका ओरडले. काकूंनी धाडकन दार लावून घेतलं. रंगाखालून एकेक आकडा वर आला, सांगाड्यावरचा चेसीस नंबर आरसी बुकाशी तंतोतंत जुळला, पण इंजिनचा नंबर भलताच निघाला. "काका, बाबांचं इंजिन कुठं आहे?" मी विचारलं. "इकलं. सांगाडा तुह्या बापाचा, घेऊन जा. हे इंजिन माहं आहे," असं म्हणून ते पाने-पक्कड घेऊन बसले आणि माझ्यासमोर त्यांनी तासभर घाम गाळून इंजिन खोलून काढलं. मी मदत केली नाही. इंजिन नसलेली गाडी ढकलत मी हायवेपर्यंत आणली. मागच्या वर्षी काका गेले. त्यांच्या तेरवीला मी गेलो नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.